भरतीच्या पाठीवर लंडन पार: लाइमहाऊस ते ब्रेंटफर्ड नॅरोबोट प्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्राच्या ५७ फुटी नॅरोबोटीवर मदतनीस म्हणून मी टेम्स नदीतला हा प्रवास काही वेळा केला आहे. त्याचे फोटो पाहिल्यावर लंडनमधले आणि भारतातले मराठी लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र देत आहे. ज्यांना स्वतः बोट घेऊन उतरायचं आहे त्यांनी तयारीचे प्रश्न दोनदा वाचावेत. ज्यांना नुसती उत्सुकता आहे त्यांनी कुठूनही सुरुवात करावी.

नॅरोबोट म्हणजे नेमकी कसली बोट?

इंग्लंडच्या जुन्या कालव्यांवर चालणारी लांबोडकी, अरुंद बोट. रुंदी जेमतेम २.१ मीटर, कारण अठराव्या शतकात बांधलेले तिथले बरेचसे लॉक तेवढ्याच मापाचे आहेत. लांबी मात्र २१-२२ मीटरपर्यंत जाते. पूर्वी घोडे अशा बोटी ओढत आणि आत कोळसा भरलेला असे. आता डिझेल इंजिन असतं आणि आत शेगडी, ओटा, पलंग, पुस्तकांचं कपाट. बोट पोलादी, तळ सपाट आणि पाण्याखाली दोन-अडीच फुटांपेक्षा जास्त जात नाही. चालवणारा मागच्या टोकाला उभा राहून सुकाणूचा दांडा धरतो. दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं तोंड उजवीकडे जातं. पहिला अर्धा तास सगळेच इथे चुकतात.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला हौद. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की बोट वरच्या किंवा खालच्या पातळीला पोचते.

हा प्रवास कुठून कुठे जातो?

पूर्व लंडनमधल्या लाइमहाऊस बेसिनपासून पश्चिमेच्या ब्रेंटफर्डपर्यंत, टेम्स नदीतून. लाइमहाऊस बेसिन १८२० साली रीजंट्स कॅनॉलची गोदी म्हणून सुरू झालं. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला नदी आणि मध्ये मोठं लॉक. ब्रेंटफर्डला ग्रँड युनियन कॅनॉल नदीला मिळतो. नदीतून हे अंतर साधारण २६ किलोमीटर आहे आणि भरतीची साथ असेल तर तीन-साडेतीन तासांत कापून होतं. तेच कालव्यांतून, लंडनला उत्तरेकडून वळसा घालून जायचं तर सुमारे ४५ किलोमीटर आणि वीसहून अधिक लॉक, म्हणजे आरामात दोन-तीन दिवस.

लॉकवर पोचणं, लॉकमधून उतरणं, वाट पाहणं आणि पलीकडे पुन्हा लॉक धरता हे तीन-साडेतीन तास अख्खा दिवस खातात. त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नका.

टेम्स समुद्रापासून इतकी लांब असूनही तिथे भरती-ओहोटी कशी?

लंडन ब्रिजपाशी नदी दिवसातून दोनदा सात मीटरपर्यंत वर चढते आणि उतरते. आपल्या मुंबईत उधाणालाही पाचेक मीटर फरक पडतो, त्यावरून अंदाज घ्या. उत्तर समुद्राचं पाणी टेम्सच्या रुंद मुखातून आत शिरतं आणि नदी अरुंद होत जाते तसं ते वर चढतं. त्यात व्हिक्टोरियन काळात जोसेफ बॅझलजेटने गटारांची व्यवस्था उभी करताना दोन्ही काठांना दगडी बांध घातले. व्हिक्टोरिया एम्बँकमेंट १८७० साली खुला झाला. नदीचं पात्र त्यामुळे आणखी आवळलं गेलं. भरतीची हद्द टेडिंग्टनच्या लॉकपर्यंत मानली जाते. ब्रेंटफर्ड त्याच्या अलीकडे येतं.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वाशिष्ठीत भरतीचं पाणी चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत येतं आणि पूर्वी गलबतं त्याच्याच जोरावर आत येत. टेम्सवर आपण तेच करतो, फक्त खारफुटीच्या जागी पार्लमेंट दिसतं.

मग निघायची वेळ कशी ठरते?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. निघायची वेळ आपण ठरवत नाही, पाणी ठरवतं. लंडन ब्रिजच्या पूर्ण भरतीच्या वेळेतून साधारण अडीच-तीन तास वजा करायचे आणि लाइमहाऊसचं लॉक सोडायचं. म्हणजे वर चढणारं पाणी सगळी वाट पाठीशी राहतं. ब्रेंटफर्डला पूर्ण भरती लंडन ब्रिजनंतर तासाभराने येते, त्यामुळे तुम्ही जवळपास भरतीबरोबरच तिथे पोचता. ब्रेंटफर्डचं नदीकडचं लॉकसुद्धा पूर्ण भरतीच्या आगेमागे दोनेक तासच वापरता येतं, कारण एरवी तिथे पुरेसं पाणीच नसतं. उशीर झाला तर दार बंद आणि पायाखालचं पाणी उतरतंय, अशी अवस्था होते.

वेळा पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीच्या, म्हणजे पीएलएच्या, भरतीच्या कोष्टकात मिळतात. कोष्टक कोणत्या घड्याळाचं आहे ते आधी पाहा. उन्हाळ्यात ब्रिटनचं घड्याळ एक तास पुढे असतं आणि काही कोष्टकांत तो तास आपल्याला मिळवावा लागतो.

लाइमहाऊस आणि ब्रेंटफर्ड, दोन्ही लॉकसाठी कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आधी नोंदणी करावी लागते. किमान एक दिवस आधी तरी फोन हवाच.

तिथीवरून लंडनची भरती काढता येते का?

हा प्रश्न मला अलिबागच्या एका काकांनी विचारला आणि तेव्हापासून मी तो सगळ्यांना सांगतो. आपल्याकडचा हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. चंद्र तोच असल्यामुळे लंडनलाही हा हिशेब लागू पडतो, फक्त लंडन ब्रिजसाठी त्यात साधारण दोन तास मिळवायचे. उन्हाळी घड्याळ चालू असेल तर तीन. म्हणजे चतुर्थीला हिवाळ्यात पाचच्या सुमारास, उन्हाळ्यात सहाच्या. मी कोष्टकाशी ताडून पाहिलं आहे. पाऊण-एक तासाच्या फरकाने जमतं.

यावर बोट मात्र सोडायची नाही. उपयोग एवढाच की महिनाभर आधी तारीख ठरवताना कॅलेंडर पाहून अंदाज येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी असते, त्यामुळे लाइमहाऊस सकाळी उशिरा ते दुपारी बाराच्या दरम्यान सोडता येतं. पण ते दिवस उधाणाचे, पाण्याला ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती असते, पाणी शांत, पण वेळ गैरसोयीची: भरती सकाळी किंवा संध्याकाळी आठ-नऊला येते. पहिल्यांदा जाणाऱ्याने या दोन्हींच्या मधले दिवस पाहावेत.

ओहोटीबरोबर उलट दिशेने जाता येतं का?

येतं, लोक जातात. ब्रेंटफर्डहून भरती वळताच निघायचं आणि उतरत्या पाण्याबरोबर लाइमहाऊसला यायचं. पण मी नवख्याला तसं सांगणार नाही. चढत्या पाण्यात बोट गाळाला टेकली तर दहा मिनिटांत पाणीच तिला उचलतं. उतरत्या पाण्यात टेकली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच, कलंडण्याच्या भीतीसह. शिवाय लाइमहाऊसच्या अरुंद तोंडात आडव्या ओढीतून शिरणं हे तिथून बाहेर पडण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

भाड्याची बोट घेऊन जाता येईल का?

बहुतेक नाही. सुट्टीसाठी नॅरोबोट भाड्याने देणारे लोक सहसा भरतीच्या पाण्यात बोट नेऊ देत नाहीत, विमाही ते मान्य करत नाही. स्वतःची बोट असलेल्या ओळखीच्या माणसाबरोबर मदतनीस म्हणून जाणं हाच सोपा मार्ग. बोटवाल्यांना या दिवशी दोन-तीन जास्तीचे हात हवेच असतात. सेंट पँक्रास क्रूझिंग क्लब अनेक बोटींचे ताफे घेऊन हा प्रवास करतो आणि नवख्या बोटवाल्यांसाठी तो उत्तम पर्याय आहे.

परवाने आणि नियम काय आहेत?

टेडिंग्टनच्या खालच्या टेम्सवर पीएलएचा अंमल चालतो. १३.७ मीटरपेक्षा लांब बोटीवर व्हीएचएफ रेडिओ असणं आणि तो सतत ऐकणं बंधनकारक आहे. लंडन व्हीटीएस, म्हणजे नदीवरची वाहतूक नियंत्रण करणारी यंत्रणा, इथे चॅनेल १४ वर असते. रेडिओ वापरणाऱ्याकडे त्याचं प्रमाणपत्र हवं. ब्रेंटफर्ड ते टेडिंग्टन एवढ्याच टप्प्यासाठी नॅरोबोटींना यात सवलत आहे, पण लाइमहाऊसहून येणाऱ्यांना तिचा उपयोग नाही. टेडिंग्टनच्या वर जायचं असेल तर एन्व्हायर्नमेंट एजन्सीची वेगळी नोंदणी लागते.

नदीत उजव्या बाजूने चालायचं. भारतात आणि ब्रिटनच्या रस्त्यावर डावीकडून चालायची सवय असलेल्यांनी हे मनात पक्कं करावं. पार्लमेंटच्या काठापासून ७० मीटरचा पट्टा बंद आहे, पिवळे बोये त्याची हद्द दाखवतात. फोटोसाठीही त्याच्या आत जाऊ नका.

पुलांवरच्या खुणा कशा वाचायच्या?

पुलाच्या कमानीवर त्रिकोणात तीन लाल तबकड्या किंवा दिवे दिसले तर ती कमान बंद. दुसरी खूण मला फार आवडते. कमानीत दुरुस्तीचं काम चालू असेल आणि उंची कमी झाली असेल, तर दिवसा तिथे गवताची एक पेंढी दोरीला टांगतात. खरोखरची, सुकलेल्या गवताची पेंढी. जुना नियम आहे आणि आजही पाळला जातो. काचेच्या उंच इमारतींच्या मध्ये, वाऱ्यावर हळूहळू फिरणारी ती पेंढी पाहिली तेव्हा मला आमच्या गोठ्याची आठवण झाली.

नॅरोबोट बुटकी असते, त्यामुळे टॉवर ब्रिज आपल्यासाठी उघडावा लागत नाही. १८९४ साली खुला झालेला तो पूल उंच डोलकाठ्यांच्या जहाजांसाठीच उघडतो. आपण मधून सहज जातो, मान वर करून बघत.

बोटीची तयारी काय करावी?

मुख्य तयारी इंजिनाची, त्यातही डिझेलची. कालव्यावर बोट संथ चालते, टाकीच्या तळाचा गाळ वर्षानुवर्षं तळाशीच राहतो. टेम्सच्या लाटांनी तो ढवळला जातो, फिल्टरमध्ये अडकतो आणि इंजिन बंद पडतं, नेमकं तेव्हा जेव्हा पुलाचा खांब समोर असतो. आमच्या पहिल्या प्रवासाआधी एका दुरुस्तीवाल्याने फिल्टर ठीक असल्याचं सांगितलं होतं. मित्राने तरी आदल्या संध्याकाळी तो उघडला. काचेच्या छोट्या वाटीत तळाशी बोटभर काळपट गाळ होता, जेलीसारखा थरथरणारा. त्याने वाटी उजेडात धरली, बराच वेळ काही बोलला नाही. मग टाकीचा तळ उपसला, फिल्टर बदलला आणि एक नवा कोरा फिल्टर पान्यासह इंजिनाशेजारी ठेवला. मी तेव्हापासून कोणत्याही बोटीवर चढण्याआधी हा एक प्रश्न विचारतोच.

इंजिन तीन तास सलग जोरात चालणार, त्यामुळे ते गरम होतं का हे आधी तपासावं. एखाद्या रुंद कालव्यावर तासभर चालवून पाहिलं तरी बरंच कळतं. बोटीला पुढे ढकलणाऱ्या, पाण्याखालच्या पंख्यात अडकलेला कचरा काढायचं झाकण घट्ट बसलं आहे ना, हे दोनदा पाहा.

नांगर डब्यात नको, वर हवा. साखळी आणि दोरासह बोटीला पक्का बांधलेला आणि एका हाताने टाकता येईल असा. इंजिन गेलं तर नांगर हाच आधार. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट. पुढची दारं बंद, पुढच्या बैठकीच्या जागेतली पाणी जायची भोकं लाटांनी उलटं पाणी आत घेणार नाहीत अशी केलेली. छपरावरच्या कुंड्या, सायकली, लाकडं सगळं खाली. आत कपाटांना कड्या. आम्ही एकदा ताटाळं बांधायला विसरलो आणि वेस्टमिन्स्टर ब्रिजखाली सगळी स्टीलची ताटं एकदम खाली आली. आवाज इतका मोठा झाला की सुकाणूवरच्या मित्राला इंजिन फुटलं असं वाटलं.

लॉकमधून बाहेर पडतानाचा क्षण खरंच इतका अवघड असतो का?

अवघड म्हणण्यापेक्षा अनोळखी. लॉकमध्ये बोट हळूहळू खाली जाते, भिंती हिरव्या, ओल्या, शेवाळलेल्या. मग दरवाजे फिरतात आणि समोर अचानक नुसतं पाणी, मातकट, पळणारं. बोटीचं तोंड नदीत गेलं की भरती त्याला उजवीकडे ढकलते, मागचा भाग मात्र अजून स्थिर पाण्यात असतो. म्हणजे वळायचं त्याच दिशेला ती आपल्याला वळवते. पण घाबरून वेग कमी केला तर बोट भिंतीकडे जाते. म्हणून आधीच जोर द्यायचा, नीट बाहेर पडायचं आणि मग वळायचं. सुकाणूचा दांडा हातात थरथरतो, कालव्यावर तो कधीच असा थरथरत नाही.

वाटेत सगळ्यात जास्त त्रास कुठे होतो?

लाइमहाऊस ते लॅम्बेथच्या आसपासपर्यंत. टेम्स क्लिपर्सच्या वेगवान प्रवासी बोटी जातात, त्यांच्या लाटा दोन्ही दगडी काठांवर आपटून परत येतात आणि नदीच्या मध्यावर सगळ्या दिशांनी पाणी उसळतं. लाट आडवी घ्यायची नाही. शक्य तेवढं बोटीचं तोंड तिच्याकडे वळवायचं, तिरकं कापायचं आणि परत मार्गाला लागायचं. बोट सपाट तळाची असल्याने डोलते खूप, पण तेवढ्याने उलटत नाही.

याच टप्प्यात वॉपिंगला नदी पोलिसांचा धक्का लागतो. इथलं पोलीस दल १७९८ सालचं आहे. कॅनन स्ट्रीटच्या रेल्वे पुलाजवळून जाताना मी नेहमी गप्प होतो. २० ऑगस्ट १९८९ च्या रात्री तिथेच मार्शनेस ही प्रवासी बोट आणि बोबेल हे वाळू काढणारं जहाज यांची टक्कर होऊन ५१ जण बुडाले. त्यानंतर २००२ मध्ये टेम्सवर आरएनएलआय या जलबचाव संस्थेची जीवरक्षक स्थानकं सुरू झाली. आज नदीवर मदत काही मिनिटांत पोचते, ती त्या रात्रीनंतरच्या धड्यांमुळे.

व्हॉक्सहॉल, बॅटरसी पॉवर स्टेशन मागे पडलं की पाणी मवाळ होत जातं. पटनीच्या पुढे वल्ह्यांच्या बोटी. ऑक्सफर्ड-केंब्रिजची शर्यत पटनी ते मॉर्टलेक याच ६.८ किलोमीटरमध्ये होते. सराव करणारे लोक पाठमोरे बसलेले असतात आणि कोणत्या काठाने जायचं याचे त्यांचे स्वतंत्र नियम आहेत. तेव्हा वेग कमी ठेवा, लक्ष ठेवा. हॅमरस्मिथचा १८८७ सालचा झुलता पूल एप्रिल २०१९ पासून मोटारींना बंद आहे, पण त्याच्याखालून जाता येतं. वरून कोणी हात हलवला तर आपणही हलवायचा, तिथे तो रिवाज आहे.

मध्येच थांबता येतं का? शौचालय, चहा, जेवण?

थांबता येत नाही असंच धरून चाला. काठांवरचे धक्के दुसऱ्यांचे आहेत आणि नॅरोबोट बांधायला सोयीचे नाहीत. शौचालय बोटीवर असतंच. गॅस मी पेटवू देत नाही, म्हणून चहा थर्मासमध्ये. खायला तिखटमिठाच्या पुऱ्या सगळ्यात उत्तम: एका हातात धरता येतात, सांडत नाहीत, गार झाल्या तरी चांगल्या लागतात.

लहान मुलं, वयस्कर आई-वडील यांना नेता येईल?

मुलांना न्या, पण प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस असा हवा ज्याला बोटीचं दुसरं काम नाही. आई-वडिलांसाठी मी दुसरा मार्ग सुचवतो: तुम्ही बोटीवर आणि ते क्लिपरने पटनीला, किंवा रस्त्याने थेट क्यू ब्रिजवर. माझ्या आईने तिथूनच आमची बोट जाताना पाहिली आणि तिला ते बोटीत बसण्यापेक्षा जास्त आवडलं.

कोणी पाण्यात पडलं तर?

ओरडून सगळ्यांना सांगा, एकाने हाताचं बोट पडलेल्याकडेच रोखून धरावं आणि नजर हलवू नये. पंखा थांबवा. रेडिओ किंवा ९९९ वर कोस्टगार्डला कळवा. पडलेल्याने पोहायची घाई करू नये. गार पाण्याने पहिल्यांदा श्वास अडखळतो, तेव्हा उताणं होऊन तरंगत राहावं, श्वास आटोक्यात येऊ द्यावा. चांगल्या पोहणाऱ्यालाही हेच लागू.

जोराचा पाऊस झाला असेल तर?

पुढे ढकला. वरच्या खोऱ्यातलं पाणी खाली यायला लागलं की भरती दुबळी होते, ओहोटी लांबते आणि जोरात वाहते. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये वरचं पाणी आणि खाडीची भरती एकत्र आली तेव्हा काय झालं ते आपल्याला माहीत आहे. टेम्सवर पीएलए पटनीच्या वरच्या भागासाठी ओहोटीच्या जोराचे इशारे देते. निघण्याआधी ते पाहा. लॉकवाला नको म्हणाला तर वाद घालू नका.

ब्रेंटफर्डला आत कसं शिरायचं?

क्यू ब्रिज गेला की उजव्या काठावर लक्ष. कालव्याचं तोंड दिसलं म्हणून लगेच वळलात तर भरती तुम्हाला आडवं करून पुढच्या कोपऱ्यावर नेऊन आदळेल. थोडं पुढे जायचं, नदीत पूर्ण वळायचं, बोटीचं तोंड येणाऱ्या पाण्याकडे करायचं आणि मग पाण्याला टेकून, हळूहळू सरकत आत यायचं. आता कालव्याचं तोंड तुमच्या डाव्या हाताला असेल. नावाडी लोक कोकणात धक्क्याला लागताना हेच करतात.

आत आल्यावर लॉक वर घेतं. मग बोट बांधायची, तळात पाणी साचलं आहे का ते पाहायचं, इंजिन गार होऊ द्यायचं आणि दोर स्वच्छ पाण्यात बुचकळून त्यांचा गाळ काढायचा. टेम्सचा गाळ वाळला की दोर काठीसारखे कडक होतात. आणि नदी सोडल्याचं व्हीटीएसला कळवायला विसरू नका. तुम्ही बाहेर पडलात हे त्यांना कळेपर्यंत त्यांच्या हिशेबात तुम्ही अजून पाण्यातच असता.